पाचापैकी एक

उजवा खांदा : दोन. कोपर : एक.
मनगट शून्य. बोटं शून्य.
मी तक्त्यात ताकद भरत असते
आणि ओडवार खिडकीतून खाडीकडे बघत असतो,
जिथे नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.

"एक म्हणजे किती?" त्याचं अर्धं तोंड विचारतं.
एक म्हणजे, मी सांगते, स्नायू नुसता लकाकतो,
हलत काहीच नाही.
निरोप निघालाय, दारात पोचलाय,
आत कुणी घेतला नाही अजून.
"एक घोडा," तो म्हणतो,
आणि हसू डाव्या गालावरच थांबतं.

त्याच्या होडीत आठ होते.
एका सिलिंडरात आठ घोडे, डांबर आणि माशांच्या वासाचे.
सबंध बेटावर खरा घोडा मात्र एकच,
सुरईच्या लाकडाची गाडी ओढणारा,
चढावर थांबून मागे वळून बघणारा.
"मग आठ मोजले कुणी?"
"ज्यानं इंजिन विकलं, त्यानं."

माझ्या गावी, केरेनला, मामाच्या घाण्याला उंट होता.
डोळ्यांवर झापड, दिवसभर तोच फेरा,
तिळाचं तेल बोटाएवढ्या धारेनं.
मामानं डिझेलचं यंत्र आणलं त्या वर्षी
उंट मोकळा झाला.
सकाळी उठून अंगणात यायचा
आणि कुणी न जुंपता
कशाभोवतीही नसलेला तो गोल फिरत राहायचा.
आम्ही मुलं हसायचो.
मामा हसला नाही. पेंडीचं घमेलं घेऊन
त्या गोलाबाहेर उभा राहायचा, फेरा संपायची वाट बघत.

ओडवारला हे मी सांगितलं नव्हतं.
त्यानंच एकदा डाव्या हातानं हवेत चाक काढलं,
त्याच्या छातीएवढं.
आधी दिवा लावून डोकं तापवायचं,
दहा मिनिटं, लाल होईस्तोवर.
मग चाक धरायचं. पुढे नाही ढकलायचं.
उलटं. उलटं रेटायचं,
जिथे ते 'नाही' म्हणतं तिथवर,
आणि तिथे सोडायचं. पटकन. नाहीतर मनगट जातं.
"त्याच्या 'नाही'तूनच ते सुलटं फिरतं," तो म्हणाला,
आणि इतकं बोलून दमला,
डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी 'उचला' म्हटलं नाही.
त्याचं कोपर धरलं, झटका दिला उलट दिशेला,
म्हटलं : मला सरळ करू देऊ नका.
कपाळावर शीर आली.
दंडात काहीतरी गुरगुरलं, विझलं.
पुन्हा. विझलं.
सातव्यांदा माझ्या तळव्याला कळलं :
कुणीतरी आतून ओढतंय.
दोन, मी लिहिलं. पेन्सिलनं.

बोटं शून्यच राहिली.

आणि शनिवारी त्याचा पुतण्या
धक्क्यावर होडी सुरू करत होता.
खिडकी किलकिली होती.
फस्स… मग काही नाही.
फस्स… डुक्… काही नाही.
"तापलं नाही अजून," ओडवार पुटपुटला,
"घाई. सगळ्यांना घाई."
सगळं लक्ष त्याचं पाण्याकडे,
आणि इकडे पांघरुणावर, विसरलेल्या उजव्या हाताचा
अंगठा
एक दांडा दाबत होता.
तेलाचा असणार. मला माहीत नाही कसला असतो.
दाबला. सोडला. दाबला.

मी हाक मारली नाही.
हाक मारली असती तर हुकूम झाला असता,
आणि हुकमाला तो हात येत नव्हता.

बाहेर पुन्हा फस्स.
मग डुक्. डुक्.
मग बराच वेळ खाडी ऐकत राहिली.
तक्ता माझ्या मांडीवर उघडा होता :
सांगितल्यावर किती हलतं, एवढाच रकाना.
न सांगता जे हललं
ते कुठे लिहायचं, कुणी शिकवलं नव्हतं.
मी पेन्सिल कानामागे खोचली
आणि खिडकी थोडी आणखी उघडली.